सॉमरसेटची सायडर: झाडाखालच्या सफरचंदांपासून पेल्यापर्यंत

किंग्स्टन ब्लॅक हे सफरचंद दिसायला देखणं असतं. गडद तांबडं, मुठीत मावेल एवढं. चावलं की मात्र पहिल्याच घासाला तोंड वाकडं होतं. आधी आंबट लागतं, मागून कडवट, आणि मग जीभ, हिरड्या तुरटपणाने कोरड्या पडतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट परगण्यात टाँटनजवळ किंग्स्टन सेंट मेरी नावाचं खेडं आहे, त्यावरून याला नाव पडलं. हे फळ कुणी हौसेने खात नाही, पण सायडर करणारे त्याच्यासाठी बागा धरून बसतात.

सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं पेय. त्यात अल्कोहोल साधारण ५ ते ८ टक्के, म्हणजे नेहमीच्या बिअरपेक्षा थोडं जास्त आणि वाईनपेक्षा बरंच कमी. रस उकळायचा नाही, मसाला घालायचा नाही. फेणीसाठी काजूच्या बोंडांचा रस आंबवून मग भट्टीवर चढवतात. इथे आंबवण्यापाशीच काम संपतं. इतकी साधी कृती असल्यामुळे फळात जे नसेल ते नंतर कुठूनही आणता येत नाही. सायडर बिघडण्याची कारणं विचारली तर लोक यीस्टबद्दल, पिंपांबद्दल बोलतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त पिंपं सफरचंदं निवडतानाच बिघडलेली असतात.

म्हणून आधी फळाचंच पाहू. ब्रिस्टलजवळ लाँग अ‍ॅश्टन इथे १९०३ मध्ये सायडरसाठी एक संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या प्राध्यापक बार्कर यांनी सफरचंदांची चार गटांत विभागणी केली, ती आजही इंग्लंडात वापरतात. मोजायच्या गोष्टी दोनच, रसातलं आम्ल आणि टॅनिन. टॅनिन म्हणजे कोऱ्या कडक चहात जाणवतो तो तुरटपणा. आम्ल ०.४५ टक्क्यांपेक्षा कमी आणि टॅनिन ०.२ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते ‘गोड’ सफरचंद. आम्ल कमी पण टॅनिन जास्त असेल तर ‘कडू-गोड’. दोन्ही जास्त असतील तर ‘कडू-आंबट’. आपलं किंग्स्टन ब्लॅक यातलंच. आणि आम्ल जास्त, टॅनिन कमी असेल तर नुसतं ‘आंबट’. गंमत अशी की साखर चारही गटांत भरपूर असू शकते. आम्ल किंवा टॅनिन जास्त असलं की ती जिभेला कळत नाही, एवढंच.

सॉमरसेटचा कणा म्हणजे कडू-गोड जाती. डॅबिनेट हे त्यातलं सगळ्यांत भरवशाचं. मिडल लॅम्ब्रूक गावच्या विल्यम डॅबिनेट नावाच्या माणसाला त्याचं झाड सापडलं, म्हणून हे नाव. यार्लिंग्टन मिलचं पहिलं रोप त्या गावच्या गिरणीच्या भिंतीतून उगवलं होतं असं सांगतात. ही झाडं बियांपासून लावता येत नाहीत. सफरचंदाच्या बीतून आईसारखं झाड निघत नाही, त्यामुळे आजचं प्रत्येक डॅबिनेट हे त्या एका झाडाचंच कलमावरून कलम करत आलेलं रूप आहे.

एका जातीच्या रसातून पूर्ण चव क्वचितच साधते, म्हणून मिश्रण करतात. कडू-गोड जास्त, त्याला जोड म्हणून थोडं आंबट, असा सॉमरसेटचा साधारण कल असतो. ज्याच्याकडे सायडरची खास सफरचंदं नाहीत त्याने निराश व्हायचं कारण नाही. खाण्याची गोड सफरचंदं निम्म्याहून अधिक, ब्रॅमलीसारखी स्वयंपाकाची आंबट सफरचंदं त्याहून कमी आणि तुरटपणासाठी मूठ-दोन मूठ रानटी क्रॅब अ‍ॅपल एवढं जमलं तरी पिण्यासारखी गोष्ट होते. इंग्लंडच्या आग्नेयेला, केंट आणि ससेक्सकडे, अशीच हलकी, आंबटसर सायडर करण्याची रीत आहे.

तोडणी हा शब्द इथे फारसा लागू नाही. फळ पिकून आपोआप खाली पडू देतात, किंवा लांब आकडीच्या काठीने फांदी हलवून पाडतात. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत, आणि उशिराच्या जाती त्याहीनंतर, असं काम चालतं. गवतात गुरं, मेंढ्या चरत असतील तर फळं पडायला लागण्याच्या बऱ्याच आधी त्यांना बाहेर काढावं लागतं, कारण शेण लागलेल्या फळातून घातक जंतू रसात जातात. गोळा केलेली सफरचंदं लगेच पिळत नाहीत. ढीग करून किंवा जाळीच्या पोत्यांत भरून दोन-तीन आठवडे ठेवतात. या काळात फळात उरलेल्या पिष्टाची साखर होते आणि गर मऊ पडतो. अंगठा दाबला आणि तो सहज आत गेला की फळ तयार झालं असं समजायचं.

आता निवड. आपटून तपकिरी झालेलं फळ चालतं. कुजलेलं, बुरशी आलेलं फळ काढून टाकायचं. सफरचंद कुजवणाऱ्या एका बुरशीतून पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं. यीस्ट त्याचा बराचसा भाग मोडून टाकतं हे खरं, पण त्याच्या भरवशावर कुजकं फळ घालण्याचा शहाणपणा कुणी करू नये. उरलेली फळं मोठ्या टबात पाण्याने धुतात. चांगलं फळ तरंगतं आणि माती, खडे तळाशी बसतात, त्यामुळे धुणं आणि निवडणं एकदमच होतं.

पिळण्याआधी ठेचणं आवश्यक आहे. अख्खं सफरचंद कितीही दाबलं तरी रस देत नाही. आतल्या पेशी फोडाव्या लागतात. जुन्या काळी गोल दगडी पन्हळीत सफरचंदं टाकून त्यावरून घोड्याकडून दगडी चाक फिरवत. आज दातेरी रूळ असलेली हाताने फिरवायची किंवा मोटारीची गिरणी मिळते. दहा-वीस किलोंपुरतं काम असेल तर स्वच्छ बादलीत लाकडी ओंडक्याने ठेचूनही भागतं, फक्त दुसऱ्या दिवशी खांदे बोलतात. लगदा ओल्या पोह्यांइतका भरड राहू द्यावा. मिक्सरमध्ये घालून चटणी केली तर कापडातून रस निघत नाही, सगळा चिखल होतो.

हा लगदा काही तास, काही जण रात्रभरही, झाकून ठेवतात. हवेने तो तपकिरी होतो, टॅनिनचा कडवटपणा थोडा मावळतो आणि रंग गडद येतो. मग दाबयंत्र. लाकडी पाटावर जाडसर कापड पसरायचं, त्यावर चार बोटं जाडीचा लगद्याचा थर, कापडाची चार टोकं आत दुमडायची, वर लाकडी पट्ट्यांची जाळी, त्यावर पुन्हा कापड. असे सात-आठ थर रचले की जो मनोरा होतो त्याला तिकडे ‘चीज’ म्हणतात, दुधाचा त्यात थेंबही नसला तरी. कापडांच्या जागी पूर्वी गव्हाचा पेंढा किंवा घोड्याच्या केसांचं विणलेलं कापड असे. स्क्रू आवळण्याआधीच नुसत्या वजनाने रस वाहू लागतो. इथे घाई केली की कापड फाटतं. थोडं आवळायचं, रस वाहणं मंदावलं की पुन्हा थोडं आवळायचं. घरगुती दाबयंत्रावर १०० किलो फळामागे ५० ते ६० लिटर रस सुटला तर चांगलं काम झालं म्हणायचं. उरलेला चोथा गुरांना घालतात.

भांडी कशाची, याबद्दल सॉमरसेटच्या शेजारच्या डेव्हनचा इतिहास माहीत असायला हवा. अठराव्या शतकात डेव्हनमध्ये दर हिवाळ्यात एक रोग येई. पोटात भयंकर कळा, बद्धकोष्ठ, आणि पुढे हातापायांतली ताकद जाई. त्याला ‘डेव्हनची पोटदुखी’ म्हणत. लोक म्हणत, सायडर आंबट असते, म्हणून होतं. जॉर्ज बेकर हा डॉक्टर मूळचा डेव्हनचाच. त्याने १७६७ मध्ये दाखवून दिलं की तिथल्या सायडरमध्ये शिसं आहे आणि हेरफर्डशर या दुसऱ्या परगण्याच्या सायडरमध्ये ते नाही. डेव्हनच्या दाबयंत्रांत दगडांचे सांधे बुजवायला शिसं वापरत, काही ठिकाणी तळाला शिशाचा पत्राच असे. आंबट रस ते विरघळवून घेई. बागवाल्यांना हा निष्कर्ष अजिबात आवडला नाही, बेकरवर टीकाही भरपूर झाली. पण शिसं निघालं तसा रोगही ओसरला.

तेव्हा रस ज्याला लागेल ते लाकूड, काच, स्टेनलेस स्टील किंवा खाद्यपदार्थांसाठीचं प्लॅस्टिक एवढंच असावं. लोखंड लागलं तर टॅनिनशी जुळून सायडर काळी पडते. तांबं, जस्त, कल्हई उडालेली भांडी आणि जुनी चकचकीत झिलईची मातीची बरणी ही तर दूरच ठेवावीत; तसल्या झिलईतही शिसं असू शकतं.

रस हातात आला की दोन मोजमापं करायची. पहिलं साखरेचं, हायड्रोमीटरने. रसात तरंगणारी ही काचेची नळी विशिष्ट गुरुत्व दाखवते. पाण्याचं १.०००, सफरचंदाच्या चांगल्या रसाचं १.०४५ ते १.०६०. १.०५० म्हणजे लिटरमागे साधारण १०० ते ११० ग्रॅम साखर. ती सगळी आंबली तर अंदाजे साडेसहा टक्के अल्कोहोल होतं. १.०४५ च्या खाली आकडा असेल तर सायडर टिकायला कमजोर होते. थोडी साखर घालून तो वर आणायला हरकत नाही. त्याहून जास्त साखर ओतण्याचा मोह नको. अल्कोहोल वाढतं आणि सफरचंद हरवतं.

दुसरं मोजमाप पीएचचं. ३.२ ते ३.८ ही सोयीची हद्द. ३.८ च्या वर गेलेल्या रसात नको ते जिवाणू मजेत वाढतात, म्हणून त्यात आंबट सफरचंदांचा रस किंवा मॅलिक आम्ल घालून पीएच खाली आणावा. त्यानंतर, नको त्या जिवाणूंना थोपवायला, सल्फाइट. ही कॅम्पडेन गोळ्यांच्या रूपात मिळते. ४.५ लिटरच्या एका गॅलनला एक गोळी म्हणजे साधारण ५० पीपीएम. पीएच ३.० ते ३.३ असेल तर एक गोळी, ३.३ ते ३.५ ला दोन, ३.५ ते ३.८ ला तीन, आणि ३.० च्या खाली एकही नाही. गोळी कुटून रसात मिसळायची आणि २४ तास थांबायचं. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट सोसत नाही, त्यामुळे पाहुण्यांना ग्लास देताना हे सांगून ठेवावं.

जुने शेतकरी सल्फाइट घालत नाहीत, यीस्टही घालत नाहीत. रस लाकडी पिंपात ओततात आणि झाकण न लावता सोडून देतात. तरीही तो आंबतो, कारण यीस्ट फळाच्या सालीवर थोडं आणि दाबयंत्राच्या लाकडात, कापडांत भरपूर असतं. त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला लिंबाच्या आकाराची रानटी यीस्ट जोर करतात. फेस, फळांचा वास सगळा त्यांचा. अल्कोहोल दोन ते चार टक्क्यांवर गेलं की त्यांना ते सोसत नाही, ती मरतात. तोवर सुरुवातीला नगण्य असलेलं सॅकरोमायसिस, म्हणजे पाव आणि बिअरवालं यीस्ट, संख्येने वाढलेलं असतं आणि उरलेली साखर तेच संपवतं. रानटी यीस्टमुळे चवीला खोली येते हे खरं, पण ती कधी नासकीही येते. पहिल्यांदा करणाऱ्याने सल्फाइट घालून, २४ तासांनी पाकिटातलं वाईनचं यीस्ट टाकावं. बाणेदारपणा दुसऱ्या वर्षी दाखवावा.

भांडं पहिल्या आठवड्यात गळ्यापर्यंत भरू नये. तपकिरी फेस उसळून बाहेर येतो, त्यासाठी जागा हवी. फेस बसला की कडा पुसून काढायच्या, राखून ठेवलेल्या रसाने भांडं गळ्यापर्यंत भरायचं आणि एअरलॉक बसवायचा. ही पाणी भरलेली छोटी नळी आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ देते आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाही. बंद, कोंदट कोठीत मोठी पिंपं ठेवली असतील तर आत शिरण्याआधी दार उघडं टाकून हवा खेळू द्यावी. हा वायू जमिनीलगत साचतो आणि जीव घेऊ शकतो.

यानंतर मुख्य काम वाट पाहण्याचं. सॉमरसेटच्या हिवाळ्यात कोठीत १० ते १५ अंश तापमान असतं, कधी त्याहूनही कमी. अशा थंडीत आंबवण महिनोन् महिने रेंगाळतं. हेच हवं. उबेत पंधरा दिवसांत आटोपलेली सायडर उग्र आणि बिनवासाची होते. फळाचा सुवास वायूबरोबर उडून गेलेला असतो. जुन्या, खत न घातलेल्या बागांच्या रसात नायट्रोजन कमी असतो, त्यामुळे यीस्ट उपाशीपोटी सावकाश काम करतं. पूर्वी पिंपात मांसाचा तुकडा टाकत, उंदीर पडून विरघळत, अशा गोष्टी तिकडे चवीने सांगतात. त्यात अतिशयोक्ती किती ते सोडा, पण मांसातून यीस्टला नायट्रोजन मिळतो एवढं मात्र शास्त्राला धरून आहे.

विशिष्ट गुरुत्व १.००५ च्या आसपास आलं की तळाशी यीस्टचा जाड साका बसतो. रबरी नळीने वरची सायडर दुसऱ्या स्वच्छ भांड्यात उतरवून घ्यायची. नव्या भांड्यातलं नळीचं टोक तळाशी बुडलेलं ठेवायचं, धार उंचावरून पाडायची नाही. इथून पुढे हवा ही शत्रू. सुरुवातीला यीस्टला थोडी हवा लागते, आता ती लागते फक्त व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना. अर्धं रिकामं भांडं हिवाळाभर ठेवलं की वसंतात सॅलडला घालायला उत्तम व्हिनेगर मिळतं. दुसऱ्या भांड्यालाही गळ्यापर्यंत भरून एअरलॉक लावावा.

एप्रिल-मेमध्ये, बागेत सफरचंदाला मोहर येतो तेव्हा, शांत झालेल्या पिंपांत पुन्हा बुडबुडे येतात. झाडं फुलली की सायडरला त्यांची आठवण येते, असं जुने लोक म्हणत. खरं कारण ऊब. ओएनोकॉकस नावाचे जिवाणू जागे होतात आणि रसातल्या मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात. लॅक्टिक आम्ल सौम्य असतं, त्यामुळे सायडरचा आंबटपणा खाली येतो. फार आंबट सायडरला हे वरदान आहे. मुळातच आम्ल कमी असेल तर मात्र ती सपक होते, आणि अशा वेळी हिवाळ्याच्या शेवटी थोडी सल्फाइट घालून जिवाणूंना थोपवतात.

गाळ बसून सायडर नितळ झाली की पिऊ शकता. बुडबुडे हवे असतील तर बाटलीत दुसऱ्यांदा आंबवावी लागते, आणि या कामाची कथा फ्रान्सच्या शँपेनवाल्यांना फारशी रुचत नाही. जहाजांसाठी लाकूड वाचावं म्हणून इंग्लंडच्या राजाने १६१५ मध्ये काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी घातली. कोळशाची भट्टी जास्त तापते, त्यामुळे इंग्लिश बाटल्या जाड आणि दणकट निघू लागल्या. १६६२ च्या डिसेंबरमध्ये ख्रिस्तोफर मेरेट याने रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात वाईनमध्ये साखर घालून ती फसफसती करण्याची रीत नोंदवली. शँपेनचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो दों पेरिन्यों हा साधू ऑव्हिलेरच्या मठात आला १६६८ मध्ये. इंग्लंडचे सायडरवाले त्याआधीपासूनच बाटलीत साखर टाकत होते.

घरी करताना पूर्ण आंबून कोरडी झालेली, म्हणजे १.००० किंवा त्याखाली आलेली सायडर घ्यायची आणि लिटरमागे ८ ते १० ग्रॅम साखर घालायची. चमच्याने अंदाजे नको, वजन करून. बाटल्या शँपेनच्या जाड काचेच्या किंवा वायूचा दाब सोसणाऱ्याच हव्यात. आंबवण पूर्ण व्हायच्या आधी घाईने बाटलीबंद केलेली सायडर म्हणजे काचेचा बॉम्ब. त्याने डोळे गेलेले आहेत. शंका असेल तर एक बाटली प्लॅस्टिकची भरावी आणि ती दाबून दाब ओळखावा.

यातली कोरडी सायडर गोड नसते, हे पहिल्यांदा पिणाऱ्याला धक्कादायक वाटतं. दुकानातली सायडर गोड असते कारण ती आंबल्यावर गोड केलेली असते. ब्रिटनमध्ये बाजारू सायडरला नियमाने सफरचंदाचा रस ३५ टक्के असला तरी पुरतो, उरलेलं पाणी आणि साखर. घरच्या बाटलीत साखर घालून ठेवली तर ती पुन्हा आंबणार. म्हणून पिताना ग्लासातच थोडा ताजा सफरचंदाचा रस मिसळणं हा सगळ्यांत सरळ मार्ग.

ही सायडर एकेकाळी मजुरीचा भाग होती. सॉमरसेट, हेरफर्डशरच्या शेतमजुराला रोज ठरलेली सायडर मिळे, कापणीच्या दिवसांत जास्तच. १८८७ च्या कायद्याने मजुरीऐवजी दारू देणं बंद केलं. प्रथा मात्र काही उरल्या. कारहॅम्प्टन गावात अजूनही १७ जानेवारीला, म्हणजे १७५२ मध्ये बदललेल्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे नाताळनंतरच्या बाराव्या रात्री, लोक बागेत जमतात, सायडरमध्ये भिजवलेला पाव झाडाला टांगतात आणि बंदुकीचे बार काढून झाडाला पुढच्या पिकासाठी जागं करतात.

एक गोष्ट करू नये. सायडर गोठवून वरचा बर्फ काढून टाकणं, किंवा ती भट्टीवर चढवणं. सफरचंदाच्या पेक्टिनमधून थोडं मिथेनॉल तयार होतं. सायडरमध्ये त्याचं प्रमाण इतकं कमी असतं की धोका नाही, पण अल्कोहोल दाट करताना तेही दाट होतं. शिवाय परवान्याशिवाय दारू गाळणं ब्रिटनमध्येही गुन्हाच आहे.

लंडन, बर्मिंगहॅमकडे राहणाऱ्या मराठी घरांत मागच्या अंगणात सफरचंदाचं एखादं झाड असतंच आणि ऑक्टोबरात फळं गवतात सडत पडतात. त्यांनी यंदा ती गोळा करावीत. विकायची नसेल तर घरच्यापुरत्या सायडरवर तिथे कर नाही. अमेरिकेतही केंद्रीय कायदा घरी पिण्यासाठी प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलनपर्यंत मुभा देतो, राज्याचा नियम तेवढा तपासून घ्यावा. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, आणि सायडर त्याला अपवाद नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाने ही कृती वाचावी, सॉमरसेटला गेल्यावर एखाद्या शेतावरच्या पिंपातून एक पेला मागून घ्यावा, घरच्या बरणीत करू नये.